राखेची माती, हिमनदीचं पठार: ठाणे-नवी मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात आम्ही काही जण मातीविषयीचे छोटे वर्ग घेतो. येणारे बहुतेक बाल्कनीत नाहीतर गच्चीवर बाग करणारे असतात, काही शाळेच्या प्रकल्पासाठी आलेली मुलं, आणि अलीकडे आणखी एक गट वाढलाय: ज्यांची मुलं सिअ‍ॅटलच्या बाजूला नोकरी करतात आणि जे उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिकडे राहून येतात असे आईवडील. हे लोक कॅस्केड पर्वत ओलांडून पूर्वेकडे फिरून येतात, गव्हाच्या उघड्या शेतांमधे उभे राहिलेले घराएवढे काळे दगड बघतात, आणि परत आल्यावर विचारतात, "मॅडम, तिथली माती पिठासारखी का उडते?" उत्तरं दर वेळी नव्याने द्यावी लागू नयेत म्हणून ही पानं.

ही नेमकी कुठली जमीन?

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्याची. सिअ‍ॅटल या राज्याच्या ओल्या, पश्चिमेकडच्या भागात आहे. पॅसिफिकवरून येणारे ढग कॅस्केड रांगेवर अडतात आणि पूर्वेकडे पर्जन्यछाया पडते. सह्याद्रीच्या पलीकडे माण-खटाव कोरडे का, हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवं काही नाही. त्या छायेत, डग्लस काउंटीत, वॉटरव्हिल पठार आहे. वॉटरव्हिल गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ एकत्र धरला तरी २५० ते ३०० मिमीच्या आसपास. ठाण्यात जुलैचा एखादा जोरदार आठवडा एवढा पाऊस पाडून मोकळा होतो.

अशाच जमिनी ओकानोगन खोऱ्याच्या आसपास आणि सरहद्दीपलीकडे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या आतल्या कोरड्या भागातही आहेत. पण उदाहरण म्हणून वॉटरव्हिल पठार सगळ्यात सोयीचं, कारण त्याच्या उत्तरेकडच्या भागावरून हिमचादर सरकली आणि दक्षिणेकडचा भाग तिच्या तावडीतून सुटला. एकाच पठारावर दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघता येतात.

हिमनदी आणि ज्वालामुखी एकाच ठिकाणी? नक्की काय आधी, काय नंतर?

तळापासून वर येऊ.

सगळ्यात खाली बेसाल्ट. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात १.७ कोटी ते ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे पूर आले, त्यातला बहुतांश लाव्हा सुरुवातीच्या काही लाख वर्षांतच ओतला गेला. आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या मानाने ही कालची गोष्ट. आपला सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. जात मात्र तीच, भेगांमधून शांतपणे वाहत येऊन थरावर थर चढवणारी.

त्यावर शेवटच्या हिमयुगात, साधारण १५ ते १८ हजार वर्षांपूर्वी, कॅनडाकडून आलेल्या हिमचादरीचा एक फाटा पठारावर चढला. त्याला ओकानोगन फाटा म्हणतात. बर्फाने कातळ खरवडला, गोटे, रेती, गाळ आणि चिकणमाती यांची न चाळलेली सरमिसळ पुढे ढकलली, आणि वितळताना ती तिथेच टाकून दिली. बर्फ जिथपर्यंत पोचला त्या रेषेवर या मालाची एक लांबलचक वरंब्यासारखी टेकडी उभी राहिली. विथ्रो गावाजवळची ही विथ्रो हिमोढ आज अमेरिकेत राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जपलेली आहे. ते घराएवढे काळे दगडही बर्फानेच उचलून आणलेले बेसाल्टचे तुकडे. शेतकरी त्यांना वळसा घालून नांगरतात. तिथे त्यांना गवताच्या गंजीवरून नाव पडलंय, लांबून खरंच तसे दिसतात.

बर्फ मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या गाळावरून वाऱ्याने बारीक धूळ उचलून पसरवली. त्यातच राख पडली. ग्लेशियर पीक हा कॅस्केडमधला ज्वालामुखी सुमारे १३,५०० वर्षांपूर्वी फुटला. मग सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी माझामा पर्वताचा महास्फोट झाला. आज त्या डोंगराच्या जागी ऑरेगन राज्यातलं क्रेटर लेक आहे, ५९० मीटरहून खोल. डोंगराचं शिखर आत कोसळून तो खड्डा झाला. बाहेर पडलेला शिलारस घनरूपात मोजला तर सुमारे ५० घन किमी भरतो. साडेपाचशे किमी दूरच्या वॉटरव्हिलवर ती राख पडलीच, शिवाय कॅनडाच्या गवताळ प्रदेशातही पडली आणि तिचे कण ग्रीनलंडच्या बर्फातही सापडले आहेत.

म्हणजे क्रम असा: बेसाल्ट, त्यावर हिमनदीचा माल, त्यावर वाऱ्याची धूळ आणि राख. हा क्रम लक्षात ठेवला की पुढचे निम्मे प्रश्न पडतच नाहीत.

पण आपली काळी मातीसुद्धा ज्वालामुखीचीच ना? मग वेगळं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि गोंधळ रास्त आहे. शाळेच्या पुस्तकात "लाव्हारसापासून बनलेली काळी कसदार जमीन" असं वाचलेलं असतं. त्यातून राख आणि लाव्हा एकच असा समज होतो.

लाव्हा थंड होताना त्याला वेळ मिळतो. त्यात स्फटिक वाढतात: फेल्डस्पार, पायरॉक्सिन, लोहाची खनिजं. राखेला वेळ मिळत नाही. शिलारसातला वायू सोडावॉटरच्या बुडबुड्यांसारखा उसळतो, शिलारसाच्या चिंधड्या उडतात आणि त्या हवेतच गोठतात. स्फटिक बनायला सवडच नाही, म्हणून राखेचा कण हा बहुतांशी काचेचा तुकडा असतो. फुटलेल्या बुडबुड्याची वाकडी, धारदार भिंत. रासायनिक घडणही वेगळी. आपल्या बेसाल्टमधे सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास असते, माझामाच्या काचेत ७० टक्क्यांच्या वर.

दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन जी चिकणमाती बनते तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर. ती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. वॉटरव्हिलच्या राखमिश्रित मातीला भेगा पडत नाहीत. तिच्यात चिकणमाती मुळात कमीच.

आणि ठाण्यात तर काळी मातीही फारशी नाही, हे इथे सांगून टाकते. येऊरच्या आणि पारसिकच्या उतारांवर बेसाल्टच आहे, पण माती उथळ, तांबूस-तपकिरी, मुरमाड. खाडीकाठी खाजणाचा खारा चिखल. वाशी-नेरूळच्या मोठ्या भागात तर तुमच्या इमारतीखाली भराव आहे. नर्सरीवाला गोणीत विकतो ती लाल माती बहुधा लोहाने रंगलेली, डोंगरउतारावरची.

७,७०० वर्षं झाली. एवढ्या काळात त्या राखेची नीट माती का झाली नाही?

माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म इथेच आहे, म्हणून थोडं सावकाश.

काच हे अस्थिर द्रव्य. पाण्याच्या संपर्कात ती स्फटिकांपेक्षा लवकर विरघळते. त्यातून सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम बाहेर पडतात. पाऊस भरपूर असेल तर सिलिका पाण्याबरोबर वाहून जाते आणि मागे उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमपासून अ‍ॅलोफेन, इमोगोलाइट असे अतिसूक्ष्म, धड स्फटिक न झालेले पदार्थ बनतात. जपान, न्यूझीलंड, इंडोनेशिया इथल्या राखेच्या मातीचे सगळे नावाजलेले गुण या पदार्थांमुळे आहेत.

वॉटरव्हिलला २८० मिमी पाण्यात हे होत नाही. पण नुसतं पाणी कमी एवढंच कारण नाही. तिथे पाणी येतं हिवाळ्यात, बर्फाच्या रूपाने, जेव्हा जमीन गोठलेली असते आणि रासायनिक क्रिया थंडावलेल्या असतात. उन्हाळ्यात जमीन तापते, पण तोवर ओल संपत आलेली असते. झीज व्हायला ऊब आणि ओल एकाच वेळी लागते, आणि तिथे त्या दोघी एकमेकींना क्वचित भेटतात. ठाण्यात मात्र जून ते सप्टेंबर दोन्ही हातात हात घालून येतात, तेही अडीच हजार मिमीच्या आसपास पावसासह. माझामाची तीच राख येऊरवर पडली असती तर आज तिच्यातली काच शोधायला बरीच खटपट करावी लागली असती.

परिणाम असा, की पठारावरच्या मातीतली काच अजून बरीचशी कोरी आहे. कडा थोड्या झिजलेल्या, बाकी तुकडा ओळखता येण्याजोगा. सामू उदासीनच्या आसपास, खाली गेल्यावर थोडा अल्कधर्मी. चुना धुऊन गेलेला नसतो, तो खालच्या थरात पांढऱ्या रेघांच्या आणि पुटांच्या रूपाने साचतो. विरघळलेली थोडी सिलिकाही फार लांब जात नाही, खालीच थांबते. या प्रदेशात बर्फ न पोचलेल्या जुन्या जमिनींमधे तर काही ठिकाणी तिने चुन्याच्या जोडीने कण चिकटवून कुदळ न चालणारा कडक थर केला आहे.

पुस्तकात राखेची माती म्हणजे काळी, हलकी, स्फुरद धरून ठेवणारी असं दिलंय. ती हीच का?

नाही, ती ओल्या प्रदेशातली. अमेरिकेच्या मृदा वर्गीकरणात राखेच्या मातीला १९९० मधे अँडिसोल नावाचा स्वतंत्र गट मिळाला. चांगल्या मुरलेल्या राखेसाठी त्याच्या कसोट्या साधारण अशा: आम्लयुक्त ऑक्झॅलेट या रसायनाने विरघळणारं अ‍ॅल्युमिनियम आणि त्याच पद्धतीने विरघळलेल्या लोहाचा अर्धा हिस्सा, दोन्ही मिळून २ टक्के किंवा जास्त, स्थूल घनता (म्हणजे पोकळ्यांसकट मोजलेली मातीची घनता) दर घन सेंमीला ०.९० ग्रॅम किंवा कमी. आणि दिलेल्या स्फुरदापैकी ८५ टक्के तरी मातीने अडकवून ठेवलं पाहिजे. कमी झिजलेल्या, काचयुक्त राखेसाठी गणित सैल आहे.

पठारावरच्या मातीत अ‍ॅलोफेन नाममात्र. त्यामुळे ती स्फुरद धरते, पण जपानी मातीएवढं घट्ट नाही. हलकी आहे, पण वाऱ्याची धूळ आणि हिमनदीची रेती मिसळल्यामुळे ०.९० च्या आत क्वचित बसते. काळेपणही मर्यादित: वरच्या थरात गवताच्या मुळांनी दिलेला सेंद्रिय कर्ब असतो, पण झुडपी गवताळ प्रदेशाचा तो कर्ब, जंगलाचा नव्हे.

मग तिला म्हणायचं काय?

बऱ्याच ठिकाणी ही माती मॉलिसोल या गवताळ प्रदेशाच्या गटात बसते आणि तिच्या नावापुढे राखेची खूण म्हणून "व्हिट्रँडिक" असं विशेषण लागतं. ते लागण्यासाठी वरच्या ७५ सेंमीमधे किमान १८ सेंमी जाडीच्या थरात बारीक कणांमधली काच निदान ५ टक्के हवी. शिवाय मघाचं अ‍ॅल्युमिनियम आणि अर्ध्या लोहाचं प्रमाण गुणिले ६०, अधिक काचेची टक्केवारी, ही बेरीज ३० किंवा जास्त यायला हवी.

एक कल्पित नमुना घ्या. काच २० टक्के, अ‍ॅल्युमिनियम अधिक अर्धं लोह ०.३ टक्के. ०.३ गुणिले ६० म्हणजे १८, अधिक २०, झाले ३८. पास. आता काच १० टक्के आणि दुसरा आकडा ०.२ धरा: १२ अधिक १० म्हणजे २२. नापास, जरी सूक्ष्मदर्शकाखाली काच ढळढळीत दिसत असली तरी. हे सूत्र मला आवडतं, कारण राख कोरी राहिली असो की थोडी मुरलेली, दोन्हींची दखल ते एकाच हिशोबात घेतं.

हातात घेतल्यावर कशी लागते?

कोरडी असताना मैद्यासारखी, पण चिमटीत घासली की मैद्यात नसलेली बारीक खरखर जाणवते. ओली केली तर मऊ होते पण चिकटत नाही. लांब वळी काढायला गेलात तर तुटते. आपल्या खाजणाच्या चिखलाची वळी बोटभर लांब निघते, त्याच्या अगदी उलट. रंग फिकट तपकिरी ते करडा. खाली हिमनदीचा माल लागला की एकदम गोटे लागायला लागतात, आणि तो बर्फाखाली दाबला गेलेला असेल तर इतका घट्ट की मुळं तिथेच आडवी वळतात.

एवढ्या कमी पावसात तिथे गहू कसा पिकतो?

राखेच्या जिवावर, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. काचेच्या तुकड्यांच्या खळग्यांत आणि बारीक गाळाच्या कणांमधे पाणी अडकून राहतं, आणि मुख्य म्हणजे ते मुळांना परत मिळतं. चिकणमातीही पाणी धरते, पण त्यातलं बरंचसं सोडत नाही. बर्फ वितळलं की ते पाणी या थरात मुरतं आणि कोरड्या उन्हाळ्यासाठी शिल्लक पडतं.

तरी एका वर्षाची ओल पुरत नाही. म्हणून परंपरेने तिथे दोन वर्षांत एकच पीक घेतात: एक वर्ष जमीन पड ठेवायची, ओल साठवायची, आणि उन्हाळ्याच्या शेवटी हिवाळी गहू पेरायचा. तो पुढच्या उन्हाळ्यात काढणीला येतो. सोलापूर-नगरकडची रब्बी ज्वारी आठवा. पावसाळ्यात रान मोकळं ठेवायचं आणि साठलेल्या ओलीवर पीक काढायचं, हिशोब तोच. फरक एवढाच की आपल्याकडे ओल धरते खोल काळी चिकणमाती आणि तिथे काच-गाळाची हलकी माती.

या पद्धतीची किंमतही आहे. चिकणमाती कमी म्हणून ढेकळं टिकत नाहीत. पड रान सारखं कुळवलं की भुकटी होते आणि वारा ती घेऊन जातो. हिवाळ्यात जमीन गोठलेली असताना वर पाऊस आला तर तो मुरतच नाही, उतारावरून माती घेऊन पळतो. म्हणून आता तिकडे कमी मशागत आणि धसकटं तशीच ठेवणं यावर भर आहे. खतांत नत्र आणि गंधक यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

आम्ही रस्त्याकडेच्या कापणीत राखेचा पांढरा पट्टा शोधला, दिसला नाही. का?

कारण उघड्या माळावर तो उरलेला नाही. राख पडल्यावर वाऱ्याने ती परत-परत उचलून उतारांवरून खळग्यांत नेली. शिवाय बिळं करणारे उंदीरवर्गीय प्राणी, बॅजर, मुंग्या, आणि ज्यांचा पत्ता फार जणांना नसतो ते सिकाडा नावाचे किडे. सेजब्रश या तिथल्या माळावरच्या झुडपाच्या मुळांवर जगणारी सिकाडाची पिल्लं वर्षानुवर्षं जमिनीत बोगदे काढतात आणि मागे माती भरत जातात. पूर्व वॉशिंग्टनच्या काही मातींमधे त्यांनी भरलेल्या नळ्यांचाच थर तयार झालेला दिसतो. सात हजार वर्षं असं चाललं तर पट्टा कसा राहील? राख तिथेच आहे, फक्त कालवली गेली आहे.

अखंड पट्टा हवा असेल तर पाणथळ जागा, जुन्या तळ्यांचा गाळ किंवा ओढ्याच्या काठची कापणी बघायची. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवरही राख जास्त टिकते, कारण तिथे ओल आणि झाडोरा जास्त. आणि आयडाहोच्या उत्तरेकडच्या ओल्या जंगलांत तर तिची न मिसळलेली चादर आजही जमिनीवर पांघरलेली आहे.

ही राख माझामाचीच, ग्लेशियर पीकची नाही, हे कसं कळतं?

काचेच्या रसायनावरून. प्रत्येक उद्रेकाच्या काचेत सिलिका, लोह, चुना, पालाश, टायटॅनियम यांचं प्रमाण थोडं वेगळं असतं. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या उपकरणावर एकेका तुकड्याचं विश्लेषण करून ते जुळवतात. नुसत्या डोळ्यांनी किंवा रंगावरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

१९८० च्या सेंट हेलेन्सच्या राखेने काय झालं?

१८ मे १९८० रोजी माउंट सेंट हेलेन्स फुटला, ५७ माणसं गेली. राखेचा मुख्य पट्टा वॉटरव्हिलच्या दक्षिणेकडून याकिमा, मोझेस लेक, रिट्झव्हिल असा पूर्वेकडे गेला. शेतांवर काही सेंमी राख बसली. तात्पुरता त्रास बराच झाला: जमिनीचा पृष्ठभाग फिकट झाल्याने ऊन परावर्तित होऊ लागलं, पाणी मुरायला वेळ लागू लागला, धारदार कणांनी कीटकांचं मेणचट आवरण खरवडलं जाऊन टोळ आणि मधमाश्या मेल्या. पुढे शेतकऱ्यांनी ती नांगरून मातीत मिसळली. माझामाची राख गवताखाली कशी मुरत गेली असेल त्याची ही छोटी, डोळ्यांदेखत घडलेली आवृत्ती.

कुंडीत घालतो ते परलाइट म्हणजे हीच राख का?

सख्खी नाही, चुलत. परलाइटही ज्वालामुखीची काचच, पण ती राख नसते, तर सिलिकायुक्त लाव्हा काचेसारखा गोठून नंतर पाणी शोषलेला खडक असतो. तो दळून ८५० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की आतल्या पाण्याची वाफ होऊन दाणा फुलतो. प्युमिस ही निसर्गानेच फुलवलेली काच, सक्युलंटवाले घेतात ती.

फ्लाय अ‍ॅशचा मात्र यांच्याशी संबंध नाही. ती औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख. नवी मुंबईतल्या अनेक इमारतींच्या विटांत आहे, तिथे ती शोभते. सूक्ष्मदर्शकाखाली तिचे कण गोल-गोल गोळ्या दिसतात, ज्वालामुखीच्या राखेचे सहसा तसे नसतात. कोळशाच्या प्रकारानुसार तिच्यात बोरॉन आणि जड धातू असू शकतात, म्हणून पालेभाजीच्या कुंडीत घालू नका.

ज्वालामुखीची राख आणून गच्चीवरच्या कुंड्यांत घातली तर?

पैसे वाया. काच हळूहळू झिजते, एका हंगामात झाडाला त्यातून लक्षात येण्यासारखं पोषण मिळत नाही. निचऱ्यासाठी हवी असेल तर परलाइट पुरतं. तुमच्या नर्सरीच्या लाल मातीत लोह-अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं स्फुरद अडकवून ठेवतात. त्यावर इलाज राख नाही, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आहे, आणि स्फुरदयुक्त खत सगळीकडे पसरण्याऐवजी मुळांजवळ देणं.

मुलाला सांगून तिकडची थोडी माती मागवू का? पिशवीभरच.

नको. परदेशातली माती भारतात आणण्यावर वनस्पती विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशानुसार निर्बंध आहेत, परवानगीशिवाय आणता येत नाही. मातीतून सूत्रकृमी, बुरशी, तणांचं बी येतं, म्हणून नियम योग्यच आहे. क्रेटर लेक हे राष्ट्रीय उद्यान, तिथून खडाही उचलायचा नाही. फोटो काढा, शेजारी मापासाठी पेन ठेवून.

शाळेच्या प्रकल्पासाठी घरी काय करता येईल?

परलाइटचे चार दाणे चमच्याने चुरडा, पाण्याच्या थेंबात ठेवून शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बुडबुड्यांच्या फुटक्या, पारदर्शक भिंती दिसतील. राखेतल्या काचेची कल्पना यायला तेवढं पुरे. शेजारी नदीची रेती ठेवा. मग पोलराइज्ड गॉगलची फुटकी काच मिळाली तर तिचे दोन तुकडे घ्या, एक स्लाइडखाली, एक वर, आणि वरचा फिरवत दृश्य पूर्ण अंधारेपर्यंत न्या. त्या स्थितीत परलाइटही काळं दिसतं, पण रेतीतले क्वार्ट्झ-फेल्डस्पारचे बरेच दाणे चमकतात. स्फटिक प्रकाशाचं ध्रुवण बदलतो, काच बदलत नाही. प्रयोगशाळेतही राखेतली काच मोजताना याच गुणाचा आधार घेतात.

अ‍ॅलोफेनसारखे पदार्थ ओळखायला सोडियम फ्लोराइड टाकून सामू ९.४ च्या वर जातो का, अशीही एक चाचणी आहे. ती मुलांनी करू नये, रसायन विषारी आहे. शिवाय वॉटरव्हिलसारख्या चुनखडीच्या मातीत ती फसवते, कारण चुन्यामुळेही सामू चढतो.

आपल्या जवळपास खरी ज्वालामुखीची राख बघायला मिळेल का?

मिळेल, आणि बहुतेकांना याचं आश्चर्य वाटतं. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीकाठच्या बोरी इथे नदीच्या गाळात राखेचा थर आहे. कऱ्हा नदीकाठी मोरगावलाही आहे. ही राख दख्खनच्या ज्वालामुखींची नाही. ती सुमात्रातल्या टोबाची मानली जाते. टोबाचा सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीचा. बोरीची राख त्याची की टोबाच्याच त्याहून बऱ्याच जुन्या उद्रेकाची यावर संशोधकांत वाद आहे. वादाला वजन आहे, कारण त्याच गाळात अश्मयुगीन दगडी हत्यारं सापडली आहेत आणि राखेचं वय ठरलं की हत्यारांचं वयही ठरायला मदत होते.

दख्खनच्या स्वतःच्या राखेचं काय? मुंबई परिसरात लाव्हाच्या थरांमधे राखेचे आणि ज्वालामुखीय तुकड्यांचे खडक आहेत. पण कोट्यवधी वर्षांत त्यातली बहुतेक काच बदलून चिकणमाती आणि झिओलाइट झाली. तो आता दगड आहे, माती नव्हे.

आणि हिमनदीच्या खुणा? महाराष्ट्रात?

चंद्रपूरजवळ इरईच्या परिसरात. तिथे बर्फाने ओरखडे काढलेला जुना कातळ आणि त्यावर गोट्यांचा थर आहे, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग असतानाचा. ठाण्यातल्या मंडळींना लांब पडतं, पण ताडोबाला जाणारच असाल तर विचार करा.

यंदा सिअ‍ॅटलला जातोय. एका दिवसात काय बघू?

सकाळी लवकर निघा. स्टीव्हन्स पासवरून महामार्ग २ ने वेनाची, तिथून चढ चढून वॉटरव्हिल. घाट उतरताना झाडं फरवरून पाइनवर आणि मग सेजब्रशवर कशी येतात ते बघत राहा, पर्जन्यछाया तुम्हाला कुणी समजावून सांगावी लागणार नाही. वॉटरव्हिलच्या पूर्वेला पठारावर काळे दगड सुरू होतात, पुढे विथ्रोची हिमोढ. वेळ उरला तर ड्राय फॉल्सपर्यंत जा. हिमयुगाच्या शेवटच्या महापुरांनी कोरलेला तो कोरडा प्रपात आहे.

शेतं खाजगी मालकीची आहेत, आत शिरू नका. रस्त्याच्या कडेची माती चिमटीत घेऊन बघायला हरकत नाही, पण वारा असेल तर तोंडावर मास्क ठेवा आणि कॅमेऱ्याची लेन्स कापडाने पुसू नका, आधी फुंकणीने हवा मारा. ते कण काचेचे आहेत.